मोंटानाच्या माळावर कोण टिकलं आणि गोष्टी कोणाच्या उरल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नातेवाइकांकडे गेलेल्या एका वाचकाच्या हाती तिथल्या एका काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) जाडजूड स्थानिक इतिहास लागला. त्यात शेकडो घराण्यांच्या कहाण्या आहेत, आणि सगळ्या एकाच साच्याच्या. आले, माळ फोडला, दुष्काळ सोसला, टिकले. हे कितपत खरं मानायचं? लोक तिथे मुळात का आले, एवढे का निघून गेले, आणि आज तिथलं गावजीवन कसं आहे?

कहाण्या बहुतेक खऱ्याच असतात. गोम वेगळीच आहे. काउंट्यांची असली पुस्तकं बहुतांशी १९६० ते १९८० च्या दशकांत निघाली. गावातल्या बायकांच्या मंडळांनी आणि स्थानिक समित्यांनी घराघरांतून मजकूर जमवला, ज्याने त्याने आपल्या आजोबांबद्दल अर्धं-पाऊण पान लिहून दिलं. आता १९२१ साली जे बिऱ्हाड उचलून गेले, त्यांच्या नातवंडांना कोण विचारणार, आणि कुठल्या पत्त्यावर? त्यामुळे पुस्तक भरलं ते टिकलेल्यांनी. टिकलेल्याला विचारा, तुम्ही कसे टिकलात, तर तो कष्ट, चिकाटी आणि देव यांची नावं घेतो. गेलेल्यांनीही कष्ट केलेच होते. शेजारच्या शेतात, त्याच उन्हात.

मी मृदाशास्त्रातली. मूळची मंगळवेढ्याची, आणि नोकरीची बरीच वर्षं पूर्व मोंटानात कोरडवाहू गव्हाच्या शेतकऱ्यांबरोबर गेली. मातीचे नमुने घ्यायला गेलं की बोलणं फॉस्फरसवरून आजोबांवर कधी जातं ते कळत नाही. इतिहासाची माझी बाजू त्यामुळे जमिनीकडची आहे, आणि खालचं सगळं त्या बाजूने वाचावं.

आधी आवाका. मोंटाना क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण सव्वापट, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं १०,८४,२२५. म्हणजे अख्ख्या राज्यात नाशिक शहरापेक्षा कमी. पश्चिमेला डोंगर, जंगलं, ब्यूटच्या तांब्याच्या खाणी. पूर्वेला उघडा माळ, तिथे पाऊस-बर्फ मिळून वर्षाला तीनशे ते साडेतीनशे मिलिमीटर. पेट्रोलियम नावाच्या काउंटीत चार हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या मुलखात ४९६ माणसं राहतात. तुमचं पुस्तक याच पूर्वेकडच्या भागातलं दिसतं, म्हणून मी डोंगराकडे वळत नाही.

लोक आले ते कायद्यामुळे आणि रेल्वेमुळे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळायची. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहा आणि जमीन कसा. आयोवात १६० एकर म्हणजे बागायतदाराचा थाट, पण मोंटानाच्या माळावर तेवढ्यात एक कुटुंब जगत नाही. हे उशिरा लक्षात आलं, म्हणून १९०९ मध्ये कोरड्या भागासाठी मर्यादा ३२० एकर झाली. १९१२ मध्ये पाच वर्षांची तीन झाली आणि वर्षातले पाच महिने बाहेर राहायचीही मुभा मिळाली. कायदा ढिला झाला आणि लोंढा सुटला. पुढे सगळा हिशेब मांडला तेव्हा होमस्टेड कायद्याखाली सर्वांत जास्त जमीन मोंटानातच दिली गेल्याचं दिसलं: दीड लाखाच्या वर दाखले आणि सुमारे ३ कोटी २० लाख एकर.

रेल्वेचं गणित तर उघड होतं. जेम्स हिलची ग्रेट नॉर्दर्न १८९३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोचली, मिलवॉकी रोड १९०९ मध्ये. रूळ पडले खरे, पण मधल्या हजारभर मैलांत वाहून न्यायला माल कुठे होता? माल हवा तर शेतकरी हवेत. मग रंगीत पत्रकं, मोंटानाच्या कणसांची प्रदर्शनं घेऊन पूर्वेकडे फिरणाऱ्या गाड्या, रेल्वेच्या पगारावरचे कृषितज्ज्ञ. एका मालडब्यात अख्खा संसार न्यायची सोयही होती: एका बाजूला खाट, चूल आणि नांगर, दुसऱ्या बाजूला दोन घोडे आणि एक गाय, आणि जनावरांना पाणी पाजायला घरधनी त्याच डब्यात. बायकोमुलं मागून प्रवासी गाडीने येत. हिलला निव्वळ ठग म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. छोट्या शेतकऱ्यावर त्याचा खरोखर विश्वास होता. पण विश्वास त्याचा आणि हप्ते दुसऱ्याचे, अशी ती सोय होती.

या सगळ्याला शास्त्राचा आधार लागतो, तो हार्डी कॅम्पबेल नावाच्या माणसाने पुरवला. खोल नांगरा, खालचा थर दाबून घट्ट करा, वरचा थर वखरून वखरून पिठासारखा बारीक ठेवा, म्हणजे ओल वर येऊन उडून जात नाही. जोडीला एक वर्षाआड जमीन पडीक ठेवायची, म्हणजे दोन वर्षांचं पाणी एका पिकाला. यातला निम्मा भाग बरोबर आहे, हे मंगळवेढ्याच्या माणसाला सांगायला नको. आमची मालदांडी ज्वारी पावसाळा संपल्यावर काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवरच पिकते. पण आमची काळी माती चार-चार फूट खोल आणि चिकणमातीची. मोंटानात बऱ्याच ठिकाणी हलकी पोयट्याची जमीन, आणि वारा असा की पश्चिमेकडून सुटला म्हणजे आठवडा आठवडा थांबत नाही. त्या वाऱ्यात वरचा थर पिठासारखा करून ठेवायचा सल्ला! पुढे काय होणार ते कोणत्याही गुराख्याने सांगितलं असतं. तशी एक गोष्ट सांगतातही: एक म्हातारा नांगरलेलं शेत बघतो, एक ढेकूळ उचलतो, गवताची बाजू वर करून परत ठेवतो आणि म्हणतो, "उलटी बाजू वर आली." तो म्हातारा कधी सू जमातीचा असतो, कधी काउबॉय, कधी मेंढपाळ, आणि नॉर्थ डकोटापासून मोंटानापर्यंत प्रत्येक गाव ती आपल्याच हद्दीत घडली म्हणून सांगतं. तुमच्या पुस्तकातही असेल. तिच्यावर तारीख शोधायच्या फंदात पडू नका.

दैवही असं की सुरुवातीची बरीच वर्षं पाऊस चांगला झाला. १९१५ च्या आसपास एकरी पंचवीस बुशेल गहू निघत होता, म्हणजे जवळपास सात क्विंटल. त्यात युरोपात युद्ध पेटलं आणि १९१७ मध्ये सरकारने बुशेलला दोन डॉलर वीस सेंटचा भाव बांधून दिला. ज्याच्याकडे ३२० एकर होती त्याने शेजारची अजून घेतली, ट्रॅक्टर घेतला, दहा-बारा टक्क्यांनी कर्ज उचललं. बँकवाला घरी येऊन कर्ज देत होता अशा आठवणी मी अनेकांच्या तोंडून ऐकल्या, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याच्या आवाजात अजून आश्चर्य असतं.

१९१७ पासून उत्तरेकडून पाऊस मागे हटू लागला. १९१९ साली राज्याचा सरासरी उतारा एकरी २.४ बुशेलवर आला. हा आकडा जरा शेतकऱ्याच्या नजरेने बघा. २.४ बुशेल म्हणजे ६५ किलो. एकरभर पेरायला त्या काळी पाऊण ते एक बुशेल बी लागायचं. म्हणजे पिकातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढायचा, आणि उरलेल्या मूठभर धान्यावर मळणीवाल्याची मजुरी, बँकेचं व्याज, काउंटीचा कर आणि घरातली तोंडं. भाव कितीही असू द्या, हे गणित बसत नाही. आणि भावही टिकला नाही. युद्धानंतर सरकारी हमी उठली, १९२१ संपेपर्यंत बुशेल डॉलरच्या आसपास आला.

मग पडझड. १९२० ते १९२६ या काळात राज्यातल्या निम्म्या व्यापारी बँका बुडाल्या. अकरा हजारांच्या आसपास शेतं ओस पडली. १९२० ला ५,४८,८८९ असलेली लोकसंख्या १९३० ला ५,३७,६०६ झाली, आणि त्या दशकात माणसं घटलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य होतं. 'गर्जणारं दशक' म्हणून ज्याचं कौतुक होतं ते हेच. भर म्हणून तेजीच्या काळात गावोगावच्या पुढाऱ्यांनी नवनव्या काउंट्या पाडून घेतल्या होत्या. १९१० ला २८ होत्या, १९२५ पर्यंत ५६ झाल्या. प्रत्येकीला कचेरी, शेरीफ, कारकून हवेत, आणि त्यांचा पगार देणारा करदाता तर ओरेगॉनला निघून गेलेला.

आता मूळ मुद्दा. कोण टिकलं? जुनी कागदपत्रं आणि जमिनीचे नकाशे शेजारी ठेवून बघितलं की काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. भावाभावांनी किंवा बाप-लेकांनी लागून लागून जमिनी घेतल्या होत्या, म्हणजे खरं क्षेत्र हजार एकरांच्या घरात होतं. जमिनीतून ओढा जात होता, गवत कापून गंज्या लावता येत होत्या, म्हणून गहू गेला तरी गुरं राहिली. घरात बाहेरचा पैसा येत होता: बायको शाळेत शिकवायची, नवऱ्याकडे टपाल वाटायचं कंत्राट. आणि एक कारण पुस्तकात क्वचितच सापडतं. काहींनी कर्जच काढलं नव्हतं, कधी शहाणपणाने आणि कधी बँकेने दारात उभं केलं नाही म्हणून. काही तर आलेच उशिरा. १९२५ नंतर कर थकल्यामुळे काउंटीने ताब्यात घेतलेल्या जमिनी मातीमोल भावाने विकत घेऊन ते मोठे झाले. आजच्या 'शंभर वर्षं जुन्या' शेतांतली कितीतरी अशी चार-पाच गेलेल्या शेजाऱ्यांच्या तुकड्यांची बेरीज आहेत. नातवाला हे माहीत असतं. शेतातल्या भागांना अजून त्याच माणसांच्या आडनावांनी हाक मारतात, "अमक्याच्या तुकड्यात मसूर पेरलाय" असं. ते अमके कोण, कुठे गेले, हे मात्र कोणाला सांगता येत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गेलेला प्रत्येक जण हरून गेला असंही नाही. तीन वर्षं काढायची, जमीन नावावर करून घ्यायची, विकायची आणि त्या पैशात दुसरीकडे दुकान टाकायचं, असा सरळ बेत करून आलेले पुष्कळ होते. यात अविवाहित बायकांची संख्या लक्षात घेण्याजोगी. कायद्याने एकवीस वर्षांवरच्या एकट्या बाईला, विधवेलाही, स्वतःच्या नावावर जमीन मागता यायची. नवऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बाईला मात्र नाही. मोंटानात जमीन मागणाऱ्यांत बायकांचं प्रमाण काही भागांत अठरा टक्क्यांपर्यंत होतं. शाळामास्तरणी, परिचारिका, टायपिस्ट. बापाच्या किंवा भावाच्या तुकड्याला लागून तुकडा घ्यायचा, हिवाळ्यात शाळेवर, उन्हाळ्यात शेतावर. मोंटानात बायकांना मत १९१४ मध्ये मिळालं आणि १९१६ मध्ये याच राज्याने जेनेट रँकिनला अमेरिकेच्या संसदेत पाठवलं, देशातली पहिली महिला खासदार. त्याच्यामागे हा जमीनदार बायकांचा वर्ग अजिबात नव्हता असं मला म्हणवत नाही.

त्या काळचं रोजचं जगणं जवळून बघायचं असेल तर जमीन कायम करतानाचा अर्ज बघा. तीन वर्षं झाली की जमीन कचेरीत 'शेवटचा पुरावा' द्यायचा. छापील प्रश्न असायचे. घर कधी बांधलं, कसलं, किती मोठं? राहायला कधी आलात? कुटुंबात कोण? कधी कधी बाहेर होतात, कशासाठी? किती एकर फोडली, काय पेरलं, काय निघालं? विहीर, कुंपण, गोठा? मग दोन साक्षीदार, आणि साक्षीदार म्हणजे शेजारी, ज्यांना पुढच्या महिन्यात तुमचीच साक्ष लागणार आहे. त्यामुळे 'सलग वास्तव्य' हा रकाना जरा प्रेमाने भरला जायचा, हे वाचताना ध्यानात ठेवावं. तरी बारकावे खरे सापडतात. फळ्यांचं एकखोली घर, त्यावर डांबरी कागद. ३२० एकरांत कायद्यापुरती चाळीस एकर फोडलेली. 'बाहेर का होतात' याला उत्तर: मजुरीला. 'विहीर' याला उत्तर: खणली, पाणी खारं लागलं.

पाणी हा तिथल्या बायकांच्या आठवणींतला सर्वांत मोठा विषय आहे, आणि पुरुषांच्या आठवणींत तो जवळजवळ नाही. माळाखाली शेल खडक आहे, त्यातून येणारं पाणी क्षारांनी भरलेलं. चहा काळपट, साबणाला फेस नाही, नव्या माणसाचं पोट पहिल्याच आठवड्यात बिघडायचं. चांगलं पाणी नदीवरून किंवा रेल्वेच्या टाकीवरून पिंपात भरून गाडीने आणायचं. तेच पाणी आधी भांड्यांना, मग कपड्यांना, मग फरशीला, शेवटी परसातल्या बटाट्यांना. सरपणाला झाड नाही, पण ओढ्याच्या कडेला कोळशाचा थर उघडा पडलेला असायचा, तो कुदळीने फोडून आणायचा. शेजारी मैलभर लांब असला तरी काटेरी तारेचं कुंपण सलग होतं, म्हणून त्याच तारेला टेलिफोन जोडायचे. प्रत्येक घराची घंटा वेगळी, दोन लांब एक आखूड अशी, आणि घंटा कोणाचीही वाजली तरी सगळे कान लावायचे. गवत भिजलं की लाइन बंद.

याचं चित्ररूप बघायचं तर टेरी या गावच्या एव्हलिन कॅमेरॉनची छायाचित्रं बघावीत. ही इंग्लंडहून आलेली, सुखवस्तू घरातली बाई. नवऱ्याने पोलोचे घोडे पैदा करायचा धंदा काढला, तो बसला. मग हिने कॅमेरा हाती घेतला आणि नव्याने आलेल्या शेतकऱ्यांचे फोटो काढून घरखर्चाला हातभार लावला. १८९३ पासून १९२८ ला मरेपर्यंत तिने रोजनिशी लिहिली: किती लोणी काढलं, किती कपडे धुतले, कुठलं घोडं फेकून गेलं. काचेच्या निगेटिव्हांचा तिचा सगळा साठा तिच्या मैत्रिणीच्या तळघरात पडून होता, तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाहेर आला. स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत आठवणी चाळीस-पन्नास वर्षांनी लिहिलेल्या असतात. हिची नोंद त्याच संध्याकाळची आहे, म्हणून मी तिला जास्त वजन देते.

काउबॉयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. कुंपण नसलेल्या माळावर हजारो गुरं मोकळी सोडायचा तो जमाना मोंटानात जेमतेम दहा वर्षांचा. १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फावर बर्फ गोठला, गुरांना गवतापर्यंत तोंड नेता येईना, आणि कळपच्या कळप उभ्याउभ्या मेले. त्यानंतर ज्यांनी धंदा चालू ठेवला त्यांनी उन्हाळ्यात गवत कापून गंजी लावायला सुरुवात केली. घोड्यावरून उतरून विळा धरावा लागला. मोंटानाचा रँचर तेव्हापासून मुख्यतः चारा पिकवणारा शेतकरी आहे, फक्त टोपी जुनीच ठेवली.

पण पुस्तकातली सर्वांत मोठी पोकळी याच्याही आधीची. बहुतेक पुस्तकं 'पहिला रहिवासी' म्हणून एखाद्या गोऱ्या माणसाचं नाव देऊन सुरू होतात. तो यायच्या आधी तिथे ब्लॅकफीट, क्रो, असिनिबोइन, ग्रो व्हान्त्र, सू, शायेन या जमाती होत्या. १८८३ च्या सुमारास मोंटानातले शेवटचे मोठे बायसन कळप मारून संपले, सरकारचं ठरलेलं धान्य पुरेसं आलं नाही, आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात ब्लॅकफीटांतली सहाशेच्या आसपास माणसं उपासमारीने मेली. पुढे या जमातींसाठी सरकारने राखून ठेवलेल्या मुलखाचेही तुकडे पाडून प्रत्येक कुटुंबाला ठरावीक एकर दिले आणि उरलेली 'जादा' जमीन बाहेरच्यांना खुली केली: फ्लॅटहेड १९१० मध्ये, फोर्ट पेक १९१३ मध्ये. तुमच्या पुस्तकातली कितीतरी होमस्टेड्स कोणाच्या तरी राखीव मुलखातली असू शकतात. लुइसटाउनच्या भागात १८७९ मध्येच मेती, म्हणजे मूळ जमाती आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाच्या, कुटुंबांनी वस्ती केली होती. लिटल शेल चिप्पेवा जमातीत अशा मेती घराण्यांचे वंशज बरेच आहेत, आणि तिला केंद्र सरकारची मान्यता मिळायला २०१९ चा डिसेंबर उजाडला.

पाण्याच्या बाबतीत एक निकाल सांगितलाच पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्याचा हक्क 'आधी वापरेल त्याचा आधी' असा. नदीकाठी जमीन असून भागत नाही, पाणी कोणत्या सालापासून उचलताय ते बघतात. दुष्काळात १९१० चा हक्कदार बंद, १८९० चा चालू. मिल्क नदीवर वरच्या शेतकऱ्यांनी पाणी वळवलं आणि खालच्या फोर्ट बेलनॅप राखीव मुलखाला ते पोचेना. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राखीव मुलूख ठरवला त्याच दिवशी तिथे जगायला लागणारं पाणीही राखीव ठरलं, वापरलं असो वा नसो. 'विंटर्स' खटला म्हणून तो ओळखला जातो आणि आजही अमेरिकेतल्या बहुतेक जमातींचा पाण्याचा दावा त्यावर उभा राहतो. मिल्क नदीच्या शेतकऱ्यांचं पाणी मुख्यतः डोंगरापलीकडून शंभर वर्षं जुन्या कालव्याने येतं. २०२४ च्या जूनमध्ये त्या कालव्याचे प्रचंड लोखंडी नळ फुटले, तेव्हा गोरे शेतकरी आणि जमाती दोघंही एकाच रांगेत उभे होते.

१९३० च्या दशकाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ आहे. फोर्ट पेकचं धरण १९३३ ला सुरू झालं, १९३६ मध्ये दहा हजारांवर माणसं कामावर होती, १९३८ मध्ये मातीच्या भिंतीचा मोठा भाग घसरून आठ जण गेले. बुडालेल्या कितीतरी होमस्टेडवाल्यांनी तिथे मजुरी करून दुष्काळ काढला. मला त्या दशकात जास्त महत्त्वाची वाटते ती पट्टापद्धत. शेत सलग न ठेवता वाऱ्याला आडवे, उत्तर-दक्षिण लांब पट्टे पाडायचे, एकात गहू आणि शेजारच्यात पडीक. विमानातून आजही ते दिसतात. कल्पना सीमेपलीकडच्या आल्बर्टातल्या शेतकऱ्यांची, कुठल्या प्रोफेसरची नव्हे. धूळ थांबली.

आणि मग तीस-चाळीस वर्षांनी पडीक जमिनीने दुसरा हिशेब चुकता केला. वर्षाआड पडीक ठेवल्याने पिकाला लागतं त्याहून जास्त पाणी मुरत होतं. ते मुळांच्या खाली जाऊन शेलमधले क्षार विरघळवत उताराने सरकायचं आणि खालच्या शेतात वर यायचं. चांगल्या गव्हाच्या मधोमध पांढरा, ओलसर, नापीक डाग, वर्षागणिक वाढणारा. माझं निम्मं काम या डागांवर होतं. उपाय डागावर करायचा नसतो, चढावर करायचा असतो, जिथे पाणी मुरतं तिथे. लसूणघास लावायचा. त्याची मुळं खोल जातात आणि पाणी वाटेतच पिऊन टाकतात. अडचण अशी की चढावरचं शेत बहुधा दुसऱ्याचं असतं, आणि तुमच्या डागासाठी त्याने गहू सोडून घास का लावावा? यावरून बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत.

आज वर्षाआडची पडीक बरीच कमी झाली आहे, आणि तिच्या जागी मसूर आणि वाटाणा आला. इथे आपला खराखुरा संबंध लागतो. मोंटाना हे अमेरिकेतलं मसूर-वाटाण्याचं आघाडीचं राज्य आहे, आणि भारत हा डाळींचा जगातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक. २०१७ च्या अखेरीस भारताने वाटाण्यावर पन्नास आणि मसुरीवर तीस टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा मी मराठी आहे हे कळल्यावर एका शेतकऱ्याने मला अर्धा तास उभं करून दिल्लीचं धोरण विचारलं होतं. तूरडाळीचे भाव, निवडणुका, आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी, सगळं सांगितलं. ते ऐकून तो म्हणाला, म्हणजे तिकडेही आमच्यासारखेच आहेत म्हणायचे. त्याच्या आवाजात समाधान नव्हतं.

आजच्या गावजीवनाबद्दल एवढंच सांगते. शेताचं सरासरी क्षेत्र दोन हजार एकरांवर आहे, त्यामुळे माणसं विरळ. एकशिक्षकी शाळा अजून चालतात. जमीन मोजणीत मुलखाचे टाउनशिप नावाचे मोठे चौकोन पाडलेले आहेत. प्रत्येकाच्या ३६ भागांतले (सेक्शन) सोळावा आणि छत्तिसावा हे भाग १८८९ मध्ये राज्य झालं तेव्हाच शाळांसाठी राखले होते, त्यांचा खंड आजही शाळांना जातो. गुरांवरचा डाग सरकारदरबारी नोंदवलेला असतो आणि दर दहा वर्षांनी नव्याने नोंदवावा लागतो. वसंतात वासरांना डाग द्यायच्या दिवशी आसपासची सगळी घरं मदतीला येतात, मजुरी कोणी देत नाही, जेवण मात्र जंगी. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्याकडे गेला नाहीत तर कोणी बोलून दाखवणार नाही, पण लक्षात ठेवतील. गुरं आत येऊ नयेत असं वाटत असेल तर कुंपण तुम्ही घालायचं, गुरांच्या मालकाने नव्हे. शहरातून नव्याने आलेल्यांचं पहिलं भांडण इथेच होतं. आणि किती एकर, किती गुरं, हे विचारू नये. ते बँकेतली शिल्लक विचारल्यागत होतं.

शेवटी तुमच्या पुस्तकाचं काय करायचं. फेकून देऊ नका, त्यातली नावं आणि ठिकाणं अत्यंत उपयोगाची आहेत. ज्या घराण्यात रस आहे त्याचा टाउनशिप, रेंज आणि सेक्शन क्रमांक शोधा, आपल्या गट नंबरसारखा. जमीन कायम झाल्याचे दाखले केंद्राच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. पण तिथे थांबलात तर पुन्हा टिकलेल्यांच्याच यादीत अडकाल, कारण तिथे फक्त ज्यांना जमीन मिळाली त्यांची नावं आहेत. गेलेल्यांसाठी ट्रॅक्ट बुक नावाच्या जुन्या नोंदवह्या बघा. वंशावळी शोधणाऱ्यांच्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्यांची पानं फुकट बघायला मिळतात. प्रत्येक तुकड्यासमोर कोणी कधी अर्ज केला, कधी सोडला, कधी रद्द झाला, मग दुसऱ्या कोणी घेतला, हे हाताने ओळीखाली ओळ लिहिलेलं असतं. एकाच १६० एकरांवर तीन-तीन, चार-चार नावं खोडलेली सापडतात. ती नावं तुमच्या पुस्तकाच्या सूचीत आहेत का ते ताडून बघा, आणि नसतील ती घेऊन त्या वर्षांची गावची वर्तमानपत्रं चाळा. शेवटच्या पुराव्याच्या सूचना कायद्यानेच छापाव्या लागत, लिलावाच्या जाहिरातीही असत: चार घोडे, एक पेरणीयंत्र, चूल, शिवणयंत्र. त्यात तारीख असते, आणि कुठे चाललेत तेही बऱ्याचदा एका ओळीत दिलेलं असतं.